तेलाच्या पिप्यातलं वावर

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. परवा मेसमध्ये मेथीची भाजी होती. (होय, ती हिरवट पातळ वस्तू मेथीच होती.) तर ही मेथी पेरल्यापासून किती दिवसांत खुडायला येते? हा प्रश्न मी आमच्या विंगमधल्या अकरा जणांना विचारला. अकरापैकी नऊ जणांच्या घरी शेती. उत्तरं आली ती अशी : 'दोन महिने', 'सहा महिने', 'मोबाईलवर पाहून घे ना भाऊ'. एकाने तर गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काऊन बे, हे व्हायवात येते काय?"

खरं उत्तर पंचवीस ते तीस दिवस. पण हसू नका, कारण दोन वर्षांपूर्वी हे मलाही माहीत नव्हतं. आणि माझ्या घरी तर बारा एकर वावर आहे.

माझं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला हा पट्टा. जमीन काळी, खोल आणि दिसायला सोन्यासारखी. पण विहीर खोदली की पाणी खारं. ते पाणी पिकाला दिलं तर पीकही जातं आणि हळूहळू जमीनही. म्हणून आमच्याकडे पावसावर येईल ते : कपाशी, तूर, ज्वारी, हरभरा. भाजीपाला बाजाराच्या दिवशी बाजारातून. म्हणजे मी शेतकऱ्याचा मुलगा, पण घरच्या मातीत उगवलेली मेथीची जुडी मी कधी पाहिलीच नव्हती. त्यात बाबांचा एकच मंत्र : "तू फक्त शिक. वावराकडं पाहू नोको."

तो मंत्र पाळून मी अमरावतीला सिव्हिलला आलो. आणि मातीनं मला तिथंच गाठलं.

पहिला प्रयोग : संपूर्ण नापास

सेकंड इयरला असताना मेसच्या मागे तेलाचे रिकामे पिपे पडलेले दिसले. पंधरा लिटरचे, चौकोनी. मेसवाल्या काकांना विचारून चार उचलले. कॅम्पसमध्ये एका ठिकाणी पाया खोदणं चालू होतं, तिथली काळी माती गच्च भरली. मेथीदाणा मेसमधूनच आणला, पेरला, वर तांब्याभर पाणी ओतलं. झालं! मी रूमवर येऊन पार्टनरला जाहीर केलं की आता आपण बाजारातून भाजी आणणार नाही.

चार दिवसांनी कोंब आले. आठव्या दिवशी वरची माती फरशीसारखी कडक झाली. बाराव्या दिवशी पिप्याच्या कडेने बोट जाईल एवढी भेग पडली. मी घाबरून दोन तांबे पाणी टाकलं. पाणी वरच साचलं आणि दोन दिवस तसंच राहिलं. सगळे कोंब पिवळे पडून आडवे झाले. पार्टनर म्हणाला, "तुह्या मेथीले केटी लागली."

गंमत अशी की त्याच आठवड्यात आमचं सॉईल मेकॅनिक्सचं प्रॅक्टिकल होतं. समोर कासाग्रांडेचं उपकरण, त्यात काळ्या मातीचा लगदा, आणि आम्ही हँडल फिरवत ठोके मोजतोय. सर सांगत होते की ब्लॅक कॉटन सॉईलमध्ये मॉन्टमोरिलोनाईट जातीची चिकणमाती असते. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून तिच्यावर साधा पाया टिकत नाही, अंडर-रीम्ड पाईल घ्यावा लागतो. मी जर्नलमध्ये लिहून घेतलं, सही घेतली, आणि खोलीवर येऊन पिप्यातल्या भेगेकडे पाहिलं. अरे! जर्नलमधली माती ती हीच की! जी इमारतीचा पाया हलवते तीच मेथीची मुळी तोडते. तिच्यात पाणी टिकतं खूप, पण हवा खेळत नाही. मुळ्यांनाही श्वास घ्यावा लागतो, हे मात्र त्या जर्नलमध्ये कुठं लिहिलेलं नव्हतं.

माझं पहिलं मत इथं मांडतो. आपण चार वर्षं मातीवर चालतो, तिच्यावर परीक्षा देतो, तिचं लिक्विड लिमिट काढतो. पण तिच्यात काही उगवून पाहत नाही. आणि न उगवता मातीची ओळख अर्धीच होते.

मग काय करायचं?

हे मी दोन वर्षांत चुकत-माकत शिकलो. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने माझ्या चुका फुकटात घ्याव्यात.

माती : नुसती काळी माती कधीच भरू नका. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग जाड वाळू. बांधकामाची उरलेली वाळू चालते, चिमूटभर घालून मात्र उपयोग नाही. थोड्या वाळूने काळी माती आणखीच विटेसारखी होते. वाळू नसेल तर कोकोपीट किंवा घरून आणलेलं सोयाबीनचं कुटार, तेही चांगलं कुजलेलं. मिश्रण मुठीत दाबा. गोळा व्हायला हवा, पण बोटाने टिचकी मारली की फुटायला हवा. इथं ठोके मोजायची गरज नाही, एकच पुरे.

पिपा : वरचं झाकण कापलं की कडा हातोडीने आत वळवून घ्या, नाहीतर पहिलं पीक रक्ताचं येईल. बुडाला खिळ्याने सात-आठ भोकं पाडा आणि पिपा दोन विटांवर ठेवा. भोकं नसतील तर बाकी सगळं व्यर्थ. रंगाच्या बादल्याही चालतात, मात्र घासून धुवून. कारखान्यातले केमिकलचे ड्रम कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. खाली ताटली ठेवू नका. पाणी साचलं की डासांची पैदास होते आणि मग रेक्टर सर आपली बाग आणि आपल्याला एकदमच बाहेर काढतील. त्यांचं चुकणारही नाही, डेंग्यू काही गमतीची गोष्ट नाही.

वजन : हे खास आपल्या लोकांसाठी. गच्चीवर बाग म्हटलं की काही जण उत्साहाने विटा रचून फूटभर खोल वाफाच करायला निघतात. थांबा, गणित करा. ओल्या मातीची घनता घनमीटरला साधारण १७०० किलो धरली तर फूटभर थरामुळे एका चौरस मीटरवर ५०० किलोच्या वर, म्हणजे जवळपास ५ किलोन्यूटन भार येतो. आणि आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भार धरला आहे तो १.५ किलोन्यूटन. ज्यावर आपण झोपतो तेच छत आहे हे! त्यापेक्षा हलक्या मिश्रणाचा पिपा पाणी पिऊन वीस किलोच्या आसपास जातो. चौरस मीटरमध्ये चार ठेवले तरी ०.८ किलोन्यूटन. तेही मध्यभागी नको, कठड्याच्या कडेने, भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवा. वॉटरप्रूफिंग तपासून घ्या. आणि परवानगी घेऊनच.

ऊन : पालेभाजीला तीन-चार तास ऊन पुरतं, टमाटर, वांगी, मिरचीला पाच-सहा तास लागतं. पूर्वेकडची गॅलरी सगळ्यांत उत्तम. पश्चिमेकडच्या विंगवाल्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी मजा करावी. मार्चनंतर त्यांच्याकडे पापड वाळवावेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथं हिरवी जाळी बांधल्याशिवाय काही टिकत नाही.

पाणी : रोज ठरावीक वेळी ठरावीक तांब्या, ही पद्धत चुकीची. बोट दोन पेर मातीत घाला. ओलं लागलं तर पाणी नको, कोरडं लागलं तर द्या. झाडं तहानेनं जेवढी मरतात त्यापेक्षा आपल्या प्रेमानं जास्त मरतात.

आता पाण्याचीच एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली असती तर एक अख्खा उन्हाळा वाया गेला नसता. मार्चमध्ये कूलर लागले. पाण्याची टंचाई, म्हणून मी हुशारी केली : कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी रोज झाडांना. पंधरा दिवसांत पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या. मातीवर पांढरा पापुद्रा आला. मी सुटीत घरी गेलो तेव्हा बाबांना सहज सांगितलं. बाबा ताटावरून मान न उचलता म्हणाले, "खारं पानी टाकलं असशीन." खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पांढरा पापुद्रा ओळखायला लॅब लागत नाही.

मेकॅनिकलवाल्यांना यातलं कारण लगेच कळेल. कूलरमध्ये वाफ होऊन उडतं ते शुद्ध पाणी. क्षार मागे राहतात. आपण रोज वरून पाणी भरत राहतो, क्षार साठत जातात. कूलिंग टॉवरला म्हणूनच ब्लो-डाऊन द्यावा लागतो. म्हणजे मी माझ्या झाडांना रोज ब्लो-डाऊन पाजत होतो! आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. ते फरशी पुसायला वापरा. याउलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. ते झाडांना चालतं. आपल्या कम्प्युटर लॅबच्या मागे ते दिवसभर गटारात जातं.

सेमिस्टरचं वेळापत्रक आणि पिकाचं

बियाणं किती खोल पेरायचं? बी जेवढं जाड त्याच्या दोन-तीन पट खोल, एवढंच लक्षात ठेवा. मेथी, पालक वरवर. भेंडी, चवळी बोटाच्या एका पेराएवढी डोबायची. सांभार (पुण्या-मुंबईकडून आलेल्या मित्रांसाठी : कोथिंबीर) तसाच पेरला तर नीट उगवत नाही. धने चपलेखाली हलकेच रगडून दोन फोडी करायच्या आणि मग पेरायचे. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, तेव्हा उकरून पाहायचं नाही. रिझल्टची वाट पाहणाऱ्यांना हे जमायला हवं.

हंगामाचं म्हणाल तर पावसाळ्यात, म्हणजे कॉलेज सुरू होतं त्या सुमारास, भेंडी, गवार, चवळी, अंबाडी. दसऱ्याच्या आगेमागे मेथी, पालक, सांभार, मुळा आणि वांगी-टमाटरची रोपं. थंडीत लसणाच्या कुड्या खोचल्या तर पात कापून कापून खाता येते. उन्हाळ्यात नवशिक्याने जास्त उड्या मारू नयेत : सावलीत पुदिना आणि गवती चहा, एक गोडलिंबाचं रोप, आणि आपोआप उगवणारी घोळ. ती उपटून फेकू नका, तिची भाजी होते. आजीला विचारा.

मेथीचं तर कॅलेंडर आपल्या घरातच आहे. घटस्थापनेला माय घटाखाली मातीत गहू पेरते ना? त्याच दिवशी मेथी पेरायची. बरोबर महिनाभराने लक्ष्मीपूजन. तोवर मेथी तयार. आपण सगळ्यांनी लहानपणी तो घट पाहिलाय, रोज सकाळी उठून कोंब किती वाढले ते मोजलंय. म्हणजे बागकामाचा पहिला धडा आपल्या प्रत्येकाचा झालेलाच आहे. पुढचं चॅप्टर आपण ऑप्शनला टाकलं, एवढंच.

धूर आणि खत

आता थोडं कडू. आपल्याकडे, आणि मी पाहिलेल्या बहुतेक हॉस्टेलांत, सकाळी झाडून गोळा केलेला पाला कोपऱ्यात पेटवतात. कडुलिंबाचा, बदामाचा, शिरीषाचा पाला. तो धूर खिडकीतून आत येतो आणि आपण खिडकी लावून पुन्हा झोपतो. दुसरीकडे मेसच्या मागे रोज टोपलीभर साली, देठं, चहाचा चोथा कचऱ्याच्या गाडीत जातो. या दोन वस्तू एकमेकींपासून पन्नास पावलांवर आहेत. एकीत कार्बन, दुसरीत नायट्रोजन. एकत्र आल्या की खत, वेगळ्या राहिल्या की धूर आणि दुर्गंधी.

कृती सोपी आहे. जुन्या ड्रमला चारी बाजूंनी भोकं पाडायची. एक टोपली ओला कचरा, वर दोन-तीन टोपल्या वाळका पाला, थोडी माती, पुन्हा तेच. शिजलेलं, तेलकट, खारट अन्न टाकायचं नाही. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवायचा आणि आठवड्याला एकदा खालीवर करायचं. आत हात घातला तर गरम लागतं, ते जिवाणूंचं काम. वास आला तर समजा ओला भाग जास्त झाला, पाला वाढवा. अडीच-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाचं खत. आमचा एक ड्रम चालू आहे. झाडणाऱ्या मावशी आता पाला पेटवण्याआधी आम्हाला विचारतात, "पोट्टेहो, तुमाले पायजे काय?"

बाटली नको

मागच्या हिवाळ्यात वांग्यांवर मावा पडला. एका मित्राने प्रेमाने सुचवलं, "घरून कपाशीचं औषध आणतो, एका फवाऱ्यात साफ." इथं मात्र मी ठाम नाही म्हणालो. त्याचं कारण सांगतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आमच्या घरी कोणी दगावलं नाही. पण बाबा एकदा फवारून आले आणि रात्रभर ओकत होते, ते मी दारामागून पाहिलंय. ज्या बाटलीनं आपल्या बापाची ही गत केली ती खोलीच्या गॅलरीत, आठ दिवसांनी खायच्या भाजीवर?

माव्याला पाण्याची जोरदार धार पुष्कळदा पुरते. नाही भागलं तर निंबोळी अर्क. जून-जुलैत कॅम्पसमध्ये निंबोळ्यांचा सडा पडतो. गर काढून बिया वाळवून ठेवायच्या. लागेल तेव्हा पन्नास ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी गाळून त्यात थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारायचं. हा पाच टक्क्यांचा अर्क झाला.

बागेचं म्हटलं की अमरावतीत कोणीतरी जीवामृताचा विषय काढतोच, कारण सुभाष पाळेकर आपल्याच जिल्ह्यातले, बेलोऱ्याचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती आंबवून केलेल्या जीवामृताचे भक्तही पुष्कळ आणि टीकाकारही. २०१९ साली राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने या पद्धतीवर जाहीर शंका घेतली. मला वाटतं आपण भांडण्यापेक्षा मोजावं. दोन पिप्यांत जीवामृत, दोन पिप्यांत नुसतं खत, माती एक, बियाणं एक, पाणी एक. महिन्याने जुड्या तोला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच वृत्तीतून : कोणी सांगितलं म्हणून नव्हे, आपल्या अंगणात करून, मोजून पाहायचं. गणिताचा मास्तर हे करू शकतो तर आपल्या हातात तर व्हर्निअर आहे!

'जुडी दहा रुपयाले भेटते'

आक्षेप मला तोंडपाठ आहेत. पहिला : एवढ्या खटाटोपापेक्षा बाजारात जुडी दहा-वीस रुपयांना मिळते. खरं आहे. मी हिशेब ठेवला होता. पहिल्या वर्षी माझी एक जुडी बाजारापेक्षा महाग पडली. पैसे वाचवायचे असतील तर चहा कमी करा, बाग करू नका. दुसरा : सुटीत पाणी कोण घालणार? हा आक्षेप खरा अवघड आहे आणि त्याला उत्तर एकच, पाळ्या लावणं. अमरावतीतच राहणारे डे-स्कॉलर मित्र यासाठीच देवाने निर्माण केले आहेत. तिसरा आक्षेप सगळ्यांत टोचणारा. तो एका सीनियरने घेतला होता : "शेतीतून सुटाले इथं आलो, अन् तू पुन्हा माती उकरतं?"

याचं उत्तर मला बरेच दिवस देता आलं नाही. कारण त्याचं दुःख खोटं नव्हतं. १ जुलै २००६ ला तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत अमरावतीही होती आणि अकोलाही. मी तेव्हा पाळण्यात होतो. म्हणजे आमची पिढी वाढली तीच 'शेतकरी आत्महत्या' हा शब्द वर्तमानपत्रात वाचत. अशा घरातून निघालेल्या पोरानं मातीकडे पाठ फिरवली तर त्याला दोष कसा द्यायचा?

तरीही मला वाटतं, शेतीतून सुटणं वेगळं आणि मातीपासून तुटणं वेगळं. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख बॅरिस्टर झाले, १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री होते; विलायतेहून शिकून आले म्हणून त्यांनी शेताकडे पाठ फिरवली नाही. त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ ला सुरू झालं, ते सहज मिळालेलं नाही. त्यासाठी १९६७ साली आंदोलन पेटलं आणि माणसांचे प्राण गेले. ज्या भागातले लोक मातीचं शास्त्र शिकवणाऱ्या शाळेसाठी जीव देतात, त्या भागातल्या इंजिनीअरला मेथी किती दिवसांत येते हे माहीत नसावं? त्या विद्यापीठात शिवार फेरी असते, कोणालाही पाहायला जाता येतं. आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला दूरदूर जातो. कधी ही नव्वद-शंभर किलोमीटरवरची व्हिजिटही काढून पाहावी.

आणि एक कबुलीही द्यायला हवी. चार पिपे लावले म्हणून मला शेती कळली असं नाही. माझी मेथी मेली तर माझं नुकसान एका जुडीचं. बाबांची कपाशी मेली तर वर्षाचं. बागकामानं शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नाही. पण तो प्रश्न कसा दिसतो हे थोडं दिसू लागतं. पाऊस लांबला की आता मी आकाशाकडे पाहतो. पूर्वी मी फक्त छत्री विसरलो का ते पाहायचो.

मागच्या दिवाळीला मी मेथीची एक जुडी मुळांसकट, मातीसकट पिशवीत घालून घरी नेली. मायनं ती स्वयंपाकघरात नेण्याआधी बाबांनी हातात घेतली. पानं पाहिलीच नाहीत, आधी मुळं पाहिली.

"मुया चांगल्या उतरल्या. कोनं पेरली?"

"म्या."

"तुनं?" बाबा बराच वेळ बोटांत माती चुरत होते. "वाळू टाकलीस?"

मी कासाग्रांडेपासून सगळं सांगितलं. बाबांना ठोक्यांचं काही कळलं नाही. पण संध्याकाळी ते मला वावरात घेऊन गेले. कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, कुठं भेगा आधी पडतात, धुऱ्याजवळची माती वेगळी का आहे, सगळं दाखवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. परत येताना मी विचारलं, तुम्हीच तर म्हणायचे वावराकडं पाहू नको? बाबा म्हणाले, "वावरावर पोट ठेवू नोको म्हनलं होतं म्या. मातीले हात लावू नोको असं कधी म्हनलं?"

त्या सीनियरला द्यायचं उत्तर मला तेव्हा सापडलं. पण तोवर तो पुण्याला नोकरीवर गेला होता. परवा त्याचा फोन आला. गॅलरीत दोन कुंड्या आणल्यात म्हणे, माती कोणती भरू विचारत होता.

असो. लेख लांबला. आता हॉस्टेल कमिटीला आणि आदरणीय स्टाफला तीन छोट्या विनंत्या. एक, पाला पेटवणं बंद करून मेसच्या मागे दोन खड्डे किंवा चार ड्रम द्यावेत. भरायचं आणि उलथायचं काम आम्ही करू. दोन, कम्प्युटर लॅबच्या एसीच्या नळ्या एका टाकीत सोडाव्यात. पाईपचं ड्रॉइंग मी फुकट काढून देतो. तीन, प्रत्येक विंगला पूर्वेकडची एक भिंत आणि दहा पिपे ठेवायची परवानगी द्यावी. एकाही विनंतीला बजेट लागत नाही.

आणि मित्रांनो, तुम्हाला एकच. मेसवाल्या काकांकडे सध्या सहा पिपे रिकामे आहेत. मी दोन घेतो. उरले चार.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी